परक्या पारावर बोला, आपल्या दारात वाचक आणा

सातारा-सांगली पट्ट्यात चळवळीत दहा-पंधरा वर्षे काढलेल्या कोणत्याही कार्यकर्त्याला बंद पडलेल्या आंबेडकरी नियतकालिकांची नावे विचारा. तो बोटांवर चार-पाच नावे सहज मोजून दाखवील. कुणाचे मासिक तीन अंकांत आटोपले, कुणाचे पाक्षिक दोन वर्षे चालले, कुणाचा फक्त १४ एप्रिलचा विशेषांक तेवढा निघत राहिला. कारण विचारले की उत्तर ठरलेले असते : जाहिराती मिळाल्या नाहीत, वर्गणी थकली, छापखान्याचे बिल अंगावर आले.

ही कारणे खोटी नाहीत. पण आमच्या मते ती दुसऱ्या पायरीवरची कारणे आहेत. पहिल्या पायरीवरचे कारण वाचक हे आहे. आपला अंक फिरतो कुठे? बुद्धविहारात, कार्यकर्त्यांच्या बैठकीत, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर. लिहिणारे आपले, वाचणारे आपले, टाळी देणारे आपले. जे आधीच पटलेले आहेत त्यांनाच पुन्हा पटवून द्यायचे आणि समाजात विचार पसरत नाही म्हणून हळहळायचे, हा प्रकार किती वर्षे चालवायचा?

म्हणून या लेखात आम्ही एक साधा मुद्दा मांडतो आहोत. आपल्या अंकाला, वाचनालयाला, अभ्यासवर्गाला नवी माणसे हवी असतील, तर आपण दुसऱ्याच्या जागेत जाऊन बोलले पाहिजे. दुसऱ्याच्या वर्तमानपत्रातील वाचकांच्या पत्रव्यवहारात, मासिकातील चर्चेत, व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत. आणि तिथे घोषणा देऊन नव्हे, तर अभ्यास करून, समोरच्याचे म्हणणे पूर्ण वाचून-ऐकून, मुद्द्याला धरून बोलले पाहिजे. जो असे बोलतो त्याच्याविषयी लोक स्वतःहून विचारतात, ‘हा कोण? कुठला? आणखी काय लिहितो?’ या तीन प्रश्नांतूनच आपला नवा वाचक जन्माला येतो.

गावाच्या पारावर आपल्या आजोबा-पणजोबांना बसू दिले जात नव्हते. आज पार बदलले आहेत. वर्तमानपत्राचे पान हा पार आहे, नगरवाचनालयाची व्याख्यानमाला हा पार आहे. तिथे आता कोणी हाताला धरून उठवत नाही. मग आपणच लांब का उभे राहायचे?

ही वाट बाबासाहेबांच्या पायाखालची आहे

काही तरुणांना हा मुद्दा लाचारीचा वाटेल. त्यांनी आधी इतिहास पाहावा.

१९१९ च्या जानेवारीत बाबासाहेबांच्या हाती स्वतःचे एकही पत्र नव्हते. ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. मताधिकाराचा प्रश्न तपासण्यासाठी साउथबरो समिती आली होती. त्या वेळी, १६ जानेवारी १९१९ रोजी, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्यांचे होमरूलविषयीचे पत्र छापून आले. खाली सही होती ‘एक महार’ एवढीच. स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क असेल तर तो ब्राह्मणाइतकाच महाराचाही आहे, हा त्यातला गाभा. म्हणजे ज्या चर्चेत सारे राजकारणी गुंतले होते त्याच चर्चेत, त्यांच्याच शब्दाला धरून, त्यांनी अडचणीचा प्रश्न टाकला. त्यानंतर अकराच दिवसांनी, २७ जानेवारीला, त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. आणि वर्षभराने, ३१ जानेवारी १९२० रोजी, ‘मूकनायक’ निघाला. आधी परक्या पानावरचे पत्र, मग स्वतःचे पत्र, हा क्रम ध्यानात घ्या.

‘मूकनायक’च्या पहिल्या अंकातला अग्रलेख पुष्कळांनी वाचलेला असतो, पण त्यातल्या एका गोष्टीकडे फार कमी लोक लक्ष देतात. बाबासाहेबांनी त्यात सरसकट सगळ्या पत्रांना शिव्या दिलेल्या नाहीत. एका जातीचे हित पाहणारी पत्रे कोणती हे ते सांगतात; पण त्याचबरोबर ‘दीनमित्र’, ‘जागरूक’, ‘डेक्कन रयत’, ‘विजयी मराठा’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘सुबोधपत्रिका’ या पत्रांतून बहिष्कृतांच्या प्रश्नांची चर्चा होते, हेही नावे घेऊन मान्य करतात. त्यांचे म्हणणे असे की, ही पत्रे ब्राह्मणेतरांतील अनेक जातींच्या प्रश्नांना जागा देतात, त्यामुळे त्यांत आपल्या प्रश्नांना पुरेशी जागा मिळणे शक्य नाही. म्हणून स्वतंत्र पत्र हवे. हा हिशेब अभ्यासकाचा आहे. कोणत्या पारावर किती जागा मिळते हे त्यांनी मोजून पाहिले होते. दुसऱ्यांची पत्रे न वाचणाऱ्याला असा हिशेब मांडता आला असता का?

आणि त्याच ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला, ही गोष्ट तर सर्वांना माहीत आहे. आम्ही ती नुसता राग यावा म्हणून सांगत नाही. त्यातून निघणारा अर्थ व्यावहारिक आहे. जाहिरातीचे दार बंद करता येते. पण चर्चेत एखादा मुद्दा असा पडला की ज्याला उत्तर द्यावेच लागते, तेव्हा दार बंद ठेवणे अवघड होते. सात वर्षांनी महाडच्या सत्याग्रहानंतर तीच पत्रे बाबासाहेबांवर लेखामागून लेख लिहीत होती आणि बाबासाहेब ‘बहिष्कृत भारता’तून त्या लेखांतले एकेक विधान उचलून त्याला उत्तर देत होते. जाहिरातीच्या चार ओळी नाकारता आल्या. विचार नाकारता आला नाही.

संदेश नाकारला, मत दिले

आणखी एक प्रसंग पाहा. ११ फेब्रुवारी १९३३ रोजी गांधीजींच्या ‘हरिजन’ साप्ताहिकाचा पहिला अंक पुण्यातून निघाला. त्यासाठी बाबासाहेबांकडे संदेश मागितला होता. पुणे कराराला पाच महिनेही झाले नव्हते. जखम ताजी होती. बाबासाहेब काय करू शकत होते? एक, गोड शब्दांत शुभेच्छा द्यायच्या. दोन, पत्र फाडून टाकायचे. त्यांनी दोन्ही केले नाही. हिंदू समाजाच्या लेखी आपल्या शब्दाला किंमत नाही, तेव्हा आपण संदेश कसला देणार, असे कळवून त्यांनी संदेश नाकारला. पण आपले मत म्हणून थोडक्यात लिहून दिले. अस्पृश्यता ही जातिव्यवस्थेची उपज आहे, जाती आहेत तोवर अस्पृश्यही राहणार, म्हणून जातिव्यवस्था मोडल्याशिवाय दुसरा उपाय नाही, असा त्याचा आशय. गांधीजींना ते आपल्या पहिल्याच अंकात छापावे लागले आणि त्याला उत्तरही द्यावे लागले.

आज आपल्याला कोणी ‘शुभेच्छापर दोन शब्द’ मागितले, तर आपण काय लिहितो? ‘आपल्या उपक्रमास हार्दिक शुभेच्छा!’ खाली नाव, पद, मोबाइल नंबर. बाबासाहेबांनी मोजक्या ओळींत समोरच्याच्या संपूर्ण कार्यक्रमाचा पाया तपासला. परक्या जागेत कसे बोलावे याचा याहून चांगला धडा दुसरा नाही. जागा त्यांची घ्यायची, पण शब्द आपला ठेवायचा.

त्याच्याही आधी जाऊ. १८५५ साली जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो छापला कोणी? ‘ज्ञानोदय’ने, म्हणजे मिशनऱ्यांच्या पत्राने. आपले पत्र निघेपर्यंत थांबायचे असे त्या मुलीच्या शिक्षकांनी ठरवले असते, तर तो आवाज आज आपल्यापर्यंत आला असता का? जोतिरावांचे कटगुण आणि सावित्रीबाईंचे नायगाव, दोन्ही आपल्याच सातारा जिल्ह्यात. त्यांचे पुतळे उभे करणे सोपे आहे. त्यांनी मिळेल त्या पानाचा कसा उपयोग केला हे शिकणे थोडे अवघड आहे.

नांद्र्याचे राजा ढाले आणि आटपाडीचे शंकरराव खरात

सांगलीच्या तरुणांना तर लांब जायची गरजच नाही. राजा ढाले सांगलीजवळच्या नांद्र्याचे. लघुअनियतकालिकांच्या चळवळीत त्यांनी स्वतःची पाने स्वतः काढली, स्वतः वाटली. पण महाराष्ट्राच्या घराघरांत त्यांचे नाव गेले ते १५ ऑगस्ट १९७२ च्या ‘साधना’मुळे. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाल्याबद्दल साने गुरुजींच्या या साप्ताहिकाने विशेषांक काढला, त्याचे काम अनिल अवचटांनी पाहिले आणि त्यात ढाल्यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावच्या बौद्ध स्त्रियांची विटंबना हा त्यांच्या रागाचा विषय होता. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला शिक्षा किती आणि दलित स्त्रीच्या अब्रूला हात घालणाऱ्याला किती, असा त्यांचा सवाल होता. महाराष्ट्र हादरला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या दलित पँथरचे नाव या वादानंतर कानाकोपऱ्यात पोहोचले.

यात दोन धडे आहेत. पहिला असा की, ढाल्यांनी तो लेख पँथरची जाहिरात म्हणून लिहिला नव्हता. विषय ब्राह्मणगावच्या स्त्रियांचा होता. संघटनेचे नाव मागाहून, आपोआप आले. ज्याला आधी आपले नाव पोहोचवायचे असते त्याचे नाव पोहोचत नाही. ज्याला प्रश्न पोहोचवायचा असतो त्याचे नाव प्रश्नाबरोबर जाते.

दुसरा धडा कडू आहे. त्या लेखावरचा वाद पुढे कशावर रंगला? ध्वजाविषयीच्या एका वाक्यावर. ज्या स्त्रियांसाठी तो लेख लिहिला गेला त्या बाजूला राहिल्या. परक्या पारावर बोलताना हा धोका कायमचा असतो. वाद कशावर करायचा हे पार ज्याच्या मालकीचा तो ठरवतो. म्हणूनच तिथे बोलून भागत नाही. मागे आपले पान असावे लागते, जिथे राहिलेली गोष्ट पूर्ण सांगता येईल.

ही दोन्ही कामे एकाच माणसाने केल्याचे उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. आटपाडीचे शंकरराव खरात यांनी मराठीतील सर्वसाधारण वाचकांसाठी कथा-कादंबऱ्या लिहिल्या आणि ‘प्रबुद्ध भारत’चे संपादनही केले. पुढे ‘तराळ-अंतराळ’ हे आत्मकथन आले, १९८४ च्या जळगाव साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. बाहेर लिहिले म्हणून त्यांना आपले पत्र सोडावे लागले नाही, आणि आपले पत्र चालवले म्हणून बाहेरच्या वाचकाशी त्यांचा संबंध तुटला नाही.

अमेरिकेतही हेच दिसते. गुलामीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस आधी गॅरिसन या गोऱ्या संपादकाच्या ‘लिबरेटर’मधून वाचकांना माहीत झाले. त्यांनी स्वतःचे पत्र काढू नये असे गॅरिसनचे मत होते. तरी डिसेंबर १८४७ मध्ये डग्लसनी ‘नॉर्थ स्टार’ काढलेच. परके पान ही शिडी होती, घर नव्हे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. नॅन्सी फ्रेझर या विदुषीने १९९० मध्ये मांडलेला विचारही याच अंगाने जातो. दबलेल्या समाजगटांना स्वतःचे चर्चेचे वर्तुळ लागते. तिथे ते सावरतात, आपली भाषा घडवतात. पण त्याच वर्तुळात तयारी करून त्यांना मोठ्या समाजाच्या चर्चेत उतरायचेही असते. आपण पहिले काम करतो आहोत. दुसरे विसरलो आहोत.

प्रतिक्रिया कशी नसावी, कशी असावी

आता प्रत्यक्ष कामाचे बोलू. समजा, एका दैनिकात ऊसतोड कामगारांच्या मुलांवर लेख आला. लेखकाने शेवटी निष्कर्ष काढला की पालकांनाच शिक्षणाची आस्था नाही. आपला एखादा कार्यकर्ता पत्र लिहितो :

‘आपल्या लेखात बहुजनांचा अपमान झाला आहे. मनुवादी मानसिकतेचा जाहीर निषेध! सत्य जाणून घेण्यासाठी आमचे मासिक वाचा. वार्षिक वर्गणी अमुक.’

हे पत्र छापले जाणार नाही. छापले तरी वाचणारा दोन ओळींत पुढे जाईल. कारण त्यात लेखाला उत्तर नाही, नवी माहिती नाही. आहे ती फक्त आपली पाटी.

आता दुसरे पत्र पाहा :

‘लेखातील स्थलांतराचे वर्णन योग्य आहे, पण आस्था नसल्याचा निष्कर्ष त्यातून निघत नाही. तोडीच्या कामात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी धरली जाते. दोघेही फडात गेल्यावर खोपीवरचे धाकटे मूल सांभाळणार कोण? ते काम आठ-दहा वर्षांच्या मुलीवर येते. उचल आधीच घेतलेली असल्याने आईला घरी थांबता येत नाही. तेव्हा प्रश्न आस्थेचा नसून मजुरी मोजण्याच्या पद्धतीचा आहे. फडाजवळ पाळणाघर चालले तर मुलीची शाळा वाचेल. लेखकाने या बाजूनेही लिहावे.’

खाली नाव, गाव आणि एकच ओळ : अमुक अंकाच्या संपादन मंडळातील सदस्य. बस. वर्गणीचा आकडा नाही, निषेध नाही. तरी या पत्राने लेखकाच्या निष्कर्षाची हवा काढून घेतली आहे. हे पत्र वाचणाऱ्या शिक्षकाला, अंगणवाडी सेविकेला, एखाद्या कारखान्याच्या शेतकी खात्यातल्या माणसालाही वाटेल की याला माहिती आहे. यातलाच एखादा उद्या तुमच्या अंकाची चौकशी करील.

या दोन पत्रांतला फरक असा मांडता येईल.

पहिले, लेख पूर्ण वाचा. मथळा पाहून लिहिलेली प्रतिक्रिया संपादकाला लगेच ओळखू येते.

दुसरे, समोरच्याचे जे बरोबर आहे ते आधी मान्य करा. यात कमीपणा नाही. विरोधकाचे म्हणणे जसेच्या तसे मांडून मग खोडून काढणे ही बाबासाहेबांची रीत आहे. ‘जातिनिर्मूलना’वर गांधीजींनी ‘हरिजन’मधून टीका केली, तेव्हा बाबासाहेबांनी पुढच्या आवृत्तीत ती टीका छापली आणि मग आपले उत्तर दिले. ज्याला आपल्या उत्तराची खात्री असते तो दुसऱ्याचे म्हणणे लपवत नाही.

तिसरे, एकच मुद्दा घ्या. दीडशे-दोनशे शब्दांच्या पत्रात मनुस्मृतीपासून खासगीकरणापर्यंत सगळे मावत नाही.

चौथे, जे फक्त तुम्हाला माहीत आहे ते घाला. वस्तीत काम करणाऱ्याकडे जी माहिती असते ती मुंबई-पुण्यातल्या स्तंभलेखकाकडे नसते. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत पुनर्वसनावर कितीतरी लेख आले. पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचा पंचनामा कोणाच्या नावाने होतो, हा प्रश्न विचारायला वस्तीत फिरलेला माणूसच लागतो. तो प्रश्न दोन ओळींत विचारला तरी पुरे.

पाचवे, वेळ पाळा. लेख आला त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पत्र गेले पाहिजे. लेखाचे नाव आणि तारीख सुरुवातीलाच द्या. आठ दिवसांनी पाठवलेले उत्तम पत्रही शिळे ठरते.

सहावे, फक्त ‘आपल्या’ विषयांवर लिहू नका. आरक्षण आणि अत्याचार यांवर आपण बोलणार हे लोकांनी गृहीतच धरलेले असते. पण पाणीवाटप, एसटीच्या फेऱ्या, द्राक्षबागेतली मजुरी, मिरजेच्या दवाखान्यांत येणारे बाहेरगावचे रुग्ण, मुलींचे वसतिगृह यांवरही आंबेडकरी माणूस अभ्यासाने बोलतो हे दिसू द्या. बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर, शेतीच्या लहान तुकड्यांवर, नद्यांच्या पाण्यावर काम केले ते आपण एवढ्या लवकर विसरलो काय?

व्याख्यानमालेत हीच रीत. हात वर करून पाच मिनिटांचे स्वतःचे भाषण ठोकणारा माणूस सभेला नकोसा होतो. अर्ध्या मिनिटाचा असा प्रश्न विचारा की वक्त्याला थांबून विचार करावा लागेल. सभा संपल्यावर बाहेर चहाच्या टपरीवर दोन-तीन जण तुमच्याकडे येतीलच. अंक तेव्हा द्या, आणि त्यांनी विचारले तर द्या.

काही आक्षेप

काही जण म्हणतील, हे तर आत्मप्रचार झाले. चळवळीत असले डावपेच शोभत नाहीत. आमचे उत्तर असे : तुमच्या पत्रात उपयोगाची गोष्ट नसेल आणि नुसते नाव मिरवायचे असेल, तर तो आत्मप्रचारच आहे आणि तो वाईटच. पण तुमचे पत्र खालची सही काढून टाकल्यावरही वाचकाच्या कामाचे राहत असेल, तर सहीत कोणते पाप आहे? कसोटी हीच ठेवा. सही झाकून पत्र वाचा. उरते काही? उरत असेल तर खुशाल पाठवा.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. ते छापत नाहीत, छापले तर कापून छापतात. आमच्या गटालाही हा अनुभव आहे. एका दैनिकाने आमच्या पत्रातला जातीचा उल्लेख असलेला परिच्छेदच गाळला आणि राहिलेले पत्र निरुपद्रवी करून छापले. अशा वेळी काय करायचे? मूळ पत्र आपल्या अंकात पूर्ण छापायचे आणि कुठली ओळ गाळली तेही दाखवायचे. बाहेर न मावलेली गोष्ट घरात सांगायची. परके पान आणि आपले पान यांची सांगड अशी असते.

तिसरा आक्षेप आत्मसन्मानाचा. प्रत्येक पारावर जायचेच का? नाही. १८८५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने भरणाऱ्या मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण जोतिरावांना आले. जे लोक सामान्य माणसाचे मानवी हक्क मनापासून मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभेशी आपल्या पुस्तकांचा मेळ बसणार नाही, असे स्पष्ट कळवून ते गेले नाहीत. पण ते गप्पही बसले नाहीत. नकाराचे ते पत्र ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आले आणि आज सव्वाशेहून अधिक वर्षांनीही आपण ते वाचतो. न जाणे हेसुद्धा कारणे देऊन, चारचौघांत करता येते. जिथे आपल्याला फक्त शोभेसाठी बोलावतात, प्रश्न विचारू देत नाहीत, तिथे जाऊ नये. पण का गेलो नाही ते लिहावे.

वाचक दारात आला, पुढे काय?

आता आपल्या घराकडे पाहू. समजा, पत्र वाचून कऱ्हाडच्या एका मराठा शिक्षिकेने किंवा तासगावच्या एखाद्या धनगर तरुणाने आपला अंक मागवला. तिला काय दिसेल? मुखपृष्ठावर नेत्याचा वाढदिवस. आत सहा पाने शुभेच्छुकांचे फोटो. एका गटाने दुसऱ्या गटाला दिलेल्या शिव्या. गेल्या अंकाची तारीख पाच महिन्यांपूर्वीची. आलेला वाचक उंबऱ्यातूनच परत जाईल. दोष कोणाचा?

‘बहिष्कृत भारता’च्या काळात अंकाचे चोवीस-चोवीस रकाने एकट्याने लिहून काढण्याची वेळ बाबासाहेबांवर आली होती. वकिली, शिकवणे, सत्याग्रह, कौन्सिलचे काम हे सगळे सांभाळून. आपल्यावर तेवढी वेळ नाही. दर अंकात एक अभ्यासू लेख, एक वस्तीचा वृत्तांत, एका पुस्तकाची ओळख आणि वाचकांची पत्रे, एवढे जरी वेळेवर निघाले तरी आलेला वाचक टिकेल.

वाचकांची पत्रे म्हटली तर आणखी एक हिशेब आहे. आपण दुसऱ्याच्या पानावर जागा मागतो. आपल्या पानावर दुसऱ्याला किती जागा देतो? आपल्या भूमिकेशी न पटणारे, पण सभ्य भाषेतले पत्र आपण छापतो का? आणि बाहेरचे सोडा, आपल्याच वस्तीतल्या बाईने कार्यकर्त्यांच्या वागण्यावर प्रश्न विचारणारे पत्र लिहिले तर ते छापायची आपली तयारी आहे का? मुक्ता साळवेचे नाव भाषणात घ्यायचे आणि आजच्या मुलीचे पत्र ‘चळवळीची बदनामी नको’ म्हणून दाबून ठेवायचे, हे चालणार नाही. आपला पारही सर्वांना खुला असला पाहिजे. नाहीतर आपण आणि तो जुना पार यांत फरक काय राहिला?

सातारा-सांगलीसाठी एक सूचना

७ नोव्हेंबर १९०० रोजी छोटा भिवा साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत दाखल झाला. तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. या दिवशी भाषणे होतात, फ्लेक्स लागतात. ती होऊ द्या. पण त्याबरोबर आम्ही प्रत्येक तालुक्यातल्या गटांना एक काम सुचवतो.

पाच-पाच जणांचा गट करा. त्यात निदान दोन मुली असाव्यात. आठवड्यातून एकदा विहारात बसा आणि त्या आठवड्यातली दोन-तीन दैनिके एकत्र वाचा, जिल्हा पुरवण्यांसह. एक लेख निवडा. त्यावर सर्वांनी मिळून एक पत्र तयार करा; पण सही एकाचीच, ज्याने माहिती गोळा केली त्याची. दर आठवड्याला सही बदला, म्हणजे एकच पुढारी तयार होणार नाही. पाठवलेल्या प्रत्येक पत्राची प्रत वहीत चिकटवा, छापले गेले की तारीख लिहा, कापले असेल तर काय कापले ते लिहा. वर्षाला पन्नास पत्रे होतील. त्यातली दहा छापली गेली तरी दहा वेळा या जिल्ह्यांतल्या अनोळखी घरांत आंबेडकरी तरुणाचा अभ्यासू आवाज गेला. आणि न छापलेल्या चाळिसांतून आपल्या अंकाचा एक उत्तम विशेषांक निघेल.

यातून आणखी एक गोष्ट घडेल, आणि आमच्या मते ती वर्गणीदार मिळण्याहून मोठी आहे. आठवड्यातून एकदा विरोधी मत नीट वाचून त्याला दोनशे शब्दांत उत्तर देणारा तरुण वर्षभरात बदलतो. त्याची चिडचिड कमी होते आणि धार वाढते. चळवळीला आज गर्दीपेक्षा अशा पाच-पन्नास माणसांची गरज जास्त आहे.

बाबासाहेबांनी १९१९ मध्ये सही केली तेव्हा ‘एक महार’ एवढेच लिहिले. त्या दोन शब्दांमागे कोण आहे हे वाचणाऱ्या सर्वांना माहीत नव्हते. पण मुद्दा खोडता येत नव्हता. तुमचे नाव आज कोणाला माहीत नसेल. हरकत नाही. मुद्दा असा मांडा की नाव विचारावेच लागेल.

जय भीम.